औषधाला वेध नसतात

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो तितक्याच लवकर उतरतो, हेही माहीत आहे. पण या एका गोष्टीचा राग येऊन काही वर्षं झाली आणि तो अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, झालं गेलं, आता कशाला उगाळत बसतोस. त्यांचं काय जातं म्हणायला.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं तपासतो. दाबाचे मीटर, तापमानाचे मीटर, वजनकाटे. समोरचा काटा खरं बोलतोय की थापा मारतोय, एवढं ठरवायचं, त्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि पुढचा काटा घ्यायचा. दिवसभर मान खाली घालून डायल बघायची सवय, म्हणूनच की काय, गेटबाहेर पडलो की मान आपोआप वर जाते. उन्हाळ्यात आमच्याकडचं आकाश निळं न राहता पांढुरकं का होतं? विमानतळावर उतरणाऱ्या विमानामागं रेघ उमटत नाही आणि फार उंचावरून जाणाऱ्यामागं उमटते, ती का? चंद्राला खळं पडतं तेव्हा वर नेमकं काय चाललेलं असतं? लहानपणी शाळेत हे विचारलं तर सर म्हणायचे, परीक्षेला नाही ते. मग नोकरी लागल्यावर मी स्वतःच पुस्तकं आणली, एका निवृत्त प्राध्यापकांकडून त्यांची जुनी दुर्बीण घेतली आणि गच्चीवर मांडली.

कॉलनीत तेव्हापासून माझं नाव 'दुर्बीणवाले' पडलं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. शनीची कडी दाखवायला मी हौसेनं लोकांना वर बोलवायचो. एकदा शेजारचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं भारावले. तर म्हणाले, "माझी साडेसाती कधी सुटते, तेवढं बघा की यातून." मी हसलो. तेव्हा मी अशा गोष्टींवर हसायचो.

आकाशाच्या या नादाचा घरच्यांनी एकच उपयोग काढला होता. ग्रहण आलं की सगळे मला फोन करायचे. माझी धाकटी बहीण पैठणला दिली आहे. तिच्या सासूबाई तर दर ग्रहणाला न चुकता विचारायच्या, "दादा, पंचांगात टाइम मुंबईचा असतो. आमच्या पैठणचा नेमका काढून द्या ना." आणि मी काढून द्यायचो. स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी, गावाचे अक्षांश-रेखांश घालून, अगदी काटेकोर. आपलं गणित कुणीतरी मागतंय, याचंच मला अप्रूप. त्या गणिताचं पुढं त्या काय करतात, हे मी कधी विचारलं नाही. लोकांना विज्ञान नको असतं असं नाही. त्यांना ते हवं असतं, पण बायकांना कधी कोंडायचं याची वेळ काढण्यापुरतं. हे माझ्या डोक्यात नंतर आलं.

त्या वर्षी ग्रहण दिवाळीत आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण, आणि तेही संध्याकाळी. म्हणजे आमच्या शहरातून सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार, सुटताना दिसणारच नाही. मी महिनाभर आधीपासून तयारीत होतो.

बहीण तेव्हा आमच्याकडंच होती. पहिलं बाळंतपण माहेरी, तसं सातव्यातच आणलं होतं तिला. ती पैठणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गरोदरपणात तिला साखर निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन सुरू केलं. रोज जेवणाआधी पोटावर सुई टोचायची आणि लगेच जेवायचं. सुई घेतली की जेवण झालंच पाहिजे, हे डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं होतं. आईनं मनावरही घेतलं होतं. फ्रिजच्या दारात दह्याच्या भांड्याशेजारी इन्सुलिनची बाटली, भिंतीवरचं घड्याळ बघून हाक मारणं, सुई झाली की ताट. वडील गेल्यापासून आई इतकी कशात रमलेली मी पाहिली नव्हती. म्हणून सांगतो, माझी आई वाईट नाही. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी घरात वाजलं. वेध लागणार म्हणून आईनं पहाटे उठून तुळस खुडून ठेवली होती. पाण्याच्या माठावर तुळशीचं पान, दुधावर पान, लोणच्याच्या बरणीवर पान, चिवड्याच्या, चकल्यांच्या, करंज्यांच्या एकेका डब्यात पान. बहिणीला तिनं उजाडायच्या आत उठवून सुई दिली होती आणि पोहे खायला घातले होते. आता सूर्य बुडेपर्यंत तिला काही नाही, असं तिनं जाहीर केलं.

मी म्हणालो, "तिला साखर आहे. तिला उपाशी ठेवता येत नाही."

"एका दिवसानं काय होतंय? आमी न्हाई पाळलं? तू पोटात होतास तवा मी दिवसभर सरळ पडून होते, कूस बी बदलली नाय."

"तुला इन्सुलिन नव्हतं."

"तुझं तुला ठेव. पोटुशी बाई हाय ती. काय कमीजास्त झालं तर विहीणबाईला तोंड काय दाखवायचं?"

मी पंचांग काढलं. आमच्या घरात माझ्या पुस्तकांपेक्षा त्याला वजन आहे, म्हणून तेच उघडलं. आजारी माणसांना, पोरांना, गरोदर बायकांना वेधात सूट आहे, त्यांनी दुपारपर्यंत खायला हरकत नाही, असं त्यात चक्क छापलं होतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते पुण्याच्या लोकांसाठी असतं. मग माझा आवाज चढला. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी आई नमली. "बरं बाबा, घालते दुपारी जेवू, लवकर. तू जा तुझ्या नळकांड्याकडं." बहीण पलंगावर बसून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं तर तिनंही मान हलवली. मी निर्धास्त झालो आणि निघालो.

कॉलनीच्या मोकळ्या जागेत मी दुर्बीण मांडली. पुढच्या भिंगाला सूर्याचा फिल्टर लावला, शेजारी पुठ्ठ्याला भोकं पाडून ठेवली. घरातून बुंदीचा झारा आणायचा होता, त्याच्या भोकांतून जमिनीवर सूर्याच्या शेकडो प्रतिमा पडतात. आईनं दिला नाही. वेधात भांडं बाहेर गेलं की बाटतं म्हणे. असो. महिनाभर कॉलनीत केलेल्या जाहिरातीनंतर माणसं आली किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी कॉलनी दारं-खिडक्या लावून टीव्हीवर ग्रहण बघत होती. त्यांचा सूर्य दाराबाहेर होता आणि ते तो दिल्लीहून बघत होते.

पण जे आले त्यांना मी जे दाखवलं, ते मी विसरणार नाही. सूर्याच्या कडेला आधी नुसता एक ओरखडा दिसला. मग तो खरा घास झाला. आणि कडेच्या लिंबाच्या झाडाखाली पेव्हर ब्लॉकवर, पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे ठिपके, जे एरवी गोल असतात, ते सगळेच्या सगळे कोरीसारखे झाले. हजारो चंद्रकोरी, वाऱ्यानं हलणाऱ्या. एक बाई तर चपला काढून त्यांत उभ्या राहिल्या. पानांमधली प्रत्येक बारीक फट कॅमेऱ्याचं काम करते, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो. आपल्या डोक्यावर इतकं उघड सगळं चाललेलं असतं, फुकट, आणि बघायला कुणी वर मान करत नाही. सूर्य वाळूजच्या बाजूला धुरकट पट्ट्यात उतरला, तसाच कुरतडलेला, लाल. बघायला आलेल्यांतलेही दोघं-तिघं घाईनं निघाले. अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची होती त्यांना.

मी दुर्बीण काखोटीला मारून घरी आलो, तर दार आतून लावलेलं. आईनं उघडलं. 

"पोरीला ग्रहणानं धरलंय बघ," ती म्हणाली.

आतल्या खोलीत खिडकीला चादर खोचली होती. बहीण जमिनीवर चटईवर सरळ पडलेली, पाय जुळवलेले, हात बाजूला. एखाद्याला असं झोपवलेलं मी एकदाच पाहिलं होतं, वडिलांना. तिचं अंग घामानं निथळत होतं आणि हात थरथरत होते. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडं बघितलं, पण ओळखीनं नाही. काहीतरी बोलली, जिभेला जडपणा आलेला, काही कळलं नाही.

"जेवली होती ना ही?"

आईनं खिडकीवरची चादर नीट खोचली.

"आई, ही दुपारी जेवली का?"

"विहीणबाईचा फोन आला होता. व्हिडिओ केला त्यांनी. म्हणाल्या, सगळे वेध पाळायचे, सूट-बिट काय नाय, आमच्या घरात असलं चालत नाय. मग म्या काय करू?"

"आणि सुई?"

"सुई दिली की. टायमावर दिली. औषधाला वेध नसतात."

हे वाक्य ती अगदी खात्रीनं म्हणाली. तिच्या दृष्टीनं तिनं काही चुकवलं नव्हतं. औषधाला वेध नसतात, हे आमच्याकडं सगळे म्हणतात. अन्नाला असतात, औषधाला नसतात. म्हणून पोरीला जेवण दिलं नाही आणि साखर उतरवायची सुई मात्र घड्याळ लावून दिली. धर्मही पाळला आणि डॉक्टरही पाळला. दोन्ही नीट पाळल्यामुळं माझी बहीण चटईवर पडून मरायला लागली होती. नुसता धर्म पाळला असता आणि सुई चुकवली असती तरी परवडलं असतं. नास्तिक माणसाकडून ही चूक झाली नसती, आणि औषधच न मानणाऱ्याकडूनही नाही. ती आमच्यासारख्यांच्याच घरात होते, जिथं फ्रिजच्या दारात इन्सुलिन असतं आणि त्याच फ्रिजमधल्या दह्यावर तुळशीचं पान.

मी स्वयंपाकघरात धावलो. दिवाळीतलं घर ते! करंज्या, लाडू, शंकरपाळे, डब्यावर डबे. गोडानं भरलेल्या त्या घरात साखर कमी पडून एक पोटुशी बाई गळाठली होती. चिवड्याची काळजी म्हणून तुळशीचं पान होतं, तिच्यासाठी तेही नव्हतं. पेल्यात साखर ओतली, पाणी घातलं, बोटानंच ढवळलं. आई दारात आडवी उभी राहिली.

"सूर्य बुडालाय, पर सुटला नाय. खाल्लेला बुडाला की उद्या उगवलेला बघून मग पाणी घ्यायचं, असं त्या म्हणाल्यात."

"आई, बाजूला हो."

"अरे पर तिच्या पोटातल्याचा तरी..."

मी तिला हातानं बाजूला सारलं. माझ्या आईला मी आयुष्यात पहिल्यांदा ढकललं, आणि आजही त्याचं मला काही वाटत नाही.

बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन मी तिला उठतं केलं आणि पेला ओठांना लावला. तिनं ओठ मिटून घेतले. शुद्ध हरपत चालली होती, मला ओळखत नव्हती, पण ग्रहणात काही घ्यायचं नाही एवढं तिच्या लक्षात होतं. तिथं मला सगळ्यात जास्त राग आला. कुणावर, ते सांगता येत नाही. ओठ मिटायचे हे इतकं आतपर्यंत शिकवणाऱ्या सगळ्यांवर. मी ओरडलो, "सुटलं ग्रहण! सुटलं! पी!" ग्रहण सुटायला अजून अवकाश होता, क्षितिजाखाली ते चालूच होतं, मीच काढलेली वेळ होती ती. आयुष्यात आकाशाबद्दल मी बोललेलं ते एकमेव धडधडीत खोटं. तिनं तोंड उघडलं. चमच्या-चमच्यानं, ठसका लागणार नाही अशा बेतानं तिला ते पाणी पाजलं.

दवाखान्यात ग्लुकोज लावल्यावर ती हळूहळू माणसात आली. बाळाचे ठोके मशीनवर ऐकू आले, घोड्याच्या टापांसारखे भरभर, तेव्हा आई तिथंच फरशीवर बसून रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, कुणी सांगितलं होतं सुई द्यायला? आई म्हणाली, "तुमीच तर म्हणाला होता, सुई चुकवायची नाय." डॉक्टरीणबाई केसपेपर मिटून बाहेर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या पलंगाशेजारी बसलो होतो. आई घरी गेली होती. माझं सगळं साठलेलं होतं, ते मी सुरू केलं. चंद्र मध्ये येतो, सावली पडते, तिचा बाळाचा ओठ फाटण्याशी काय संबंध, तू शिकलेली, तू असं कसं...

तिनं मला मध्येच थांबवलं. "दादा, सावली मला नको सांगूस. मी चेंडू आणि बॅटरी घेऊन सातवीच्या पोरांना शिकवते ती."

"मग तोंड का मिटलंस? आईनं नाही दिलं तर स्वतः उठून का नाही खाल्लंस? फ्रिज चार पावलांवर होता."

तिनं सलाइनची नळी सरळ केली. मग म्हणाली, "बाळाच्या ओठाला काय होणार नाही, हे मला माहितीय. पण कशानं ना कशानं काही झालंच असतं तर? होतंच की कुणाकुणाला. मग ग्रहणात हिनं खाल्लं, हे मी मरेपर्यंत ऐकलं असतं. रोज. आणि तुझी सावली तेव्हा माझ्या बाजूनं बोलायला आली नसती."

 मी आयुष्यभर समजत आलो की लोकांना माहिती नाही म्हणून ते असं वागतात, एकदा दुर्बिणीतून बघितलं की सुधारतील. इथं जिला सगळं माहीत होतं तीच ओठ मिटून पडली होती. तिला ग्रहणाची भीती नव्हती, माणसांची होती. त्या माणसांना घाबरण्यात तिचं काही चुकत होतं, असं मला म्हणता येईना, म्हणून आणखीच संताप झाला. मी खाली जाऊन कँटीनमध्ये उगाचच एका वेटरशी भांडलो.

सूर्यग्रहण झालं की पुष्कळदा पंधरवड्यानं चंद्रग्रहण येतं. चंद्राची वाटच तशी असते. ते त्या वर्षीही आलं, कार्तिकी पौर्णिमेला. चंद्र उगवेल तोच ग्रहण लागलेला, आणि थोड्याच वेळात सुटणार. मी घरात त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पैठणहून वेळ विचारायला फोन आला, तो उचलला नाही. त्या संध्याकाळी आईनं स्वतः स्वयंपाकघराचं दार लावलं, बहिणीला सुई दिली आणि समोर ताट ठेवलं. मेथीची भाजी, भाकरी, वरण. "जेव गपचिप," म्हणाली, "आणि कुणाला सांगू नगस, तुझ्या सासूला तर मुळीच नाय." आईनं विज्ञान मानलं असं नाही. दवाखान्यातली ती ग्लुकोजची बाटली मानली. बहीण जेवली. पहिला घास घेताना तिनं बंद दाराकडं बघितलं, ते मी पाहिलं. मी गच्चीवर गेलोच नाही त्या दिवशी. तिच्यासमोर बसून मीही जेवलो.

मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत, साखर ठीक. सासूबाई पैठणहून डिंकाचे लाडू घेऊन आल्या. हातपाय धुऊन आल्या आणि आधी बाळाला खिडकीच्या उजेडात धरलं. ओठ बघितले, टाळू बघितला, कानांच्या पाळ्या, बोटं एकेक करून. मग खूश होऊन म्हणाल्या, "बघा. दोन दोन गिरहणं आली, पर पोरीनं कडक पाळली. म्हणून लेकरू असं सुपारीसारखं निघालं."

मी खुर्चीतून उठलो. दोन ग्रहणं होती. एकात पाळलं आणि आई-लेकरू दोघं जाता जाता राहिली. दुसऱ्यात पोटभर जेवली आणि काही झालं नाही. याहून स्वच्छ पुरावा कारखान्यातही मला कधी मिळत नाही. आणि त्याचं श्रेय ही बाई उपासाला देत होती, ज्या उपासानं घात केला असता त्याला! मी तोंड उघडणार तेवढ्यात बहिणीनं पलंगावरून माझा हात धरला. घट्ट.  त्या घरात तिला राहायचं होतं, मला नाही. आई कोपऱ्यात लंगोटांच्या घड्या घालत होती, तिनं वर बघितलं नाही. मी बसलो. चहा आला, तो प्यायलो. त्या दिवशी गिळलेला तो राग मला बराच काळ पचला नाही, ग्रहण म्हटलं की घशाशी यायचा. दुर्बिणीवर धूळ बसली. वेळा काढून देणं तर मी बंदच केलं. कॉलनीतले काका विचारायचे, काय दुर्बीणवाले, हल्ली काही दाखवत नाही? मी म्हणायचो, डोळे दुखतात.

मग गेल्या वर्षीच्या भादव्यात पौर्णिमेला रात्री चंद्रग्रहण होतं. वेध दुपारीच लागले होते. आमच्याकडं सकाळपासून ढग होते आणि मला काही दिसणार नव्हतं. तरी बघायची इच्छा झाली, हेच मला नवं होतं. दुपारी बहिणीचा पैठणहून फोन आला. तिची नणंद, म्हणजे सासूबाईंची स्वतःची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा चालू होता.

"सासूबाईंनी तिला सकाळीच सांगितलंय, दुपारपासनं काही नाही," बहीण म्हणाली. "आणि माझं उदाहरण देतायत दादा. वहिनीनं दोन दोन पाळली, बघ तिची पोरगी कशी आहे."

मी लगेच सुरू झालो. "तिला सांग, पृथ्वीची सावली..."

"ते नको. ती फार्मसी शिकलीय, तिला माहितीय. तिला फक्त एवढं हवंय की उद्या काही झालं तर घरातलं एक तरी माणूस तिच्या बाजूनं उभं राहील."

"मग मी येऊ का?"

"तू येऊन काय करशील? आरडाओरडा. ठेव फोन."

मी रात्रीपर्यंत घरात येरझाऱ्या घातल्या. आईला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात, एक मीटर हातात असतानाच तिचा फोन आला. मी बाहेर जाऊन उचलला.

"सांगून टाकलं," ती म्हणाली. "संध्याकाळी, सगळ्यांसमोर. पहिल्या ग्रहणात मी मरत होते आणि दुसऱ्यात मेथीची भाजी-भाकरी खाल्ली, म्हटलं. आईनं वाढली होती, तेही सांगितलं."

"सासूबाई?"

"उठून देवघरात गेल्या. आज सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलतील असं वाटत नाही इतक्यात. हे पण म्हणाले, आत्ताच काय गरज होती सांगायची." तिचा आवाज थकलेला होता. रडून झाल्यासारखा.

मला त्या माणसांचा इतका राग आला की हातातला मीटर मी कठड्यावर ठेवला, नाहीतर फुटला असता. ती म्हणाली, "दादा, ऐक ना. मी नणंदेचं ताट वाढलं, तिच्या समोर ठेवलं आणि तिच्या शेजारीच बसले. कुणी आलं तर आधी माझ्याशी बोलेल म्हणून."

"मग?"

"बराच वेळ नुसती बघत बसली ताटाकडं."

"मग?"

"मग तिनं आमटी परत वाढायला सांगितली."